कोल्हापुरात उघड्यावर काय प्यावं, कुठं आणि किती वाजता

कोल्हापुरात नव्यानं राहायला आलेल्या माणसाला खाण्याचे पत्ते न मागता मिळतात. मिसळ कुठली, भेळ कुठली, पांढरा रस्सा कुणाचा, यावर ऑफिसातले दोघं तुमच्यासमोरच हमरीतुमरीवर येतील. पिण्याचं मात्र कुणी नीट बसून सांगत नाही. इथल्या माणसाच्या ते लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळं त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. बदलीवर आलेले, शिकायला आलेले, लग्न होऊन आलेले अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. या गावात चांगलं पेय ते तयार होतं त्याच जागी, उभ्या उभ्या प्यायचं असतं. दूध म्हशीच्या शेजारी, रस चरकाच्या शेजारी, काकवी (गूळ होण्याआधीचा पातळ पाक) काहिलीच्या, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईच्या शेजारी. घरी नेलं, फ्रीजमध्ये ठेवलं, तासाभरानं प्यायलं की त्यातलं निम्मं गेलं. म्हणून इथं 'कुठं' याच्यापेक्षा 'किती वाजता' हा प्रश्न मोठा आहे. योग्य जागी चुकीच्या वेळी गेलात तर रिकामा कट्टा बघून परत याल.

पहिली पायरी: इथलं ऊन समजून घ्या

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि सह्याद्री पश्चिमेला हाकेच्या अंतरावर. त्यामुळं इथलं ऊन विदर्भासारखं दिवसभर भाजत नाही, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा 37-38 अंशांपर्यंत जातो आणि बारा ते चार या वेळात डांबरी रस्त्यावर चालवत नाही. पाचनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो आणि गाव पुन्हा घराबाहेर येतं. मे महिन्यात अनेकदा दुपारभर घुसमट होते आणि संध्याकाळी वळीव येऊन अर्ध्या तासात सगळं धुऊन नेतो. वळवाचा ढग पन्हाळ्याच्या अंगाला काळा दिसायला लागला की उघड्यावरचे गाडे आवरायला घेतात, तेव्हा तुम्हीही आडोसा बघा.

दिवसाचे तीन भाग धरा. उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत दूध आणि चहा. अकरापासून चारपर्यंत रस, ताक, सरबत. पाचनंतर पुन्हा दूध आणि रंकाळा तलाव. मुक्काम थोडाच असेल तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी निवडा. तेव्हा गुऱ्हाळं चालू असतात, ऊन सोसतं आणि संध्याकाळी बाहेर बसायला अंगावर एखादा स्वेटर पुरतो.

दुसरी पायरी: गंगावेशीतला दूध कट्टा

सगळ्यात आधी इथंच जा. बाकीची पेयं दुसऱ्या गावांतही कमी-जास्त फरकानं मिळतील, पण भर पेठेत म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून देणारं गाव तुम्हाला सहजासहजी दुसरं सापडणार नाही.

गंगावेस म्हणजे जुन्या शहराचं पश्चिमेकडचं तोंड. महाद्वार रोडनं पापाच्या तिकटीला आलात की तिथून सरळ चालत जाता येतं. रंकाळा स्टँडवर उतरलात तरी चालतच. रेल्वे स्टेशनवरून किंवा मध्यवर्ती बसस्थानकावरून येणार असाल तर केएमटीची, म्हणजे शहर बससेवेची, रंकाळ्याकडं जाणारी बस पकडा. गाडी असेल तर ती लांब लावा. पेठेतले रस्ते अरुंद आहेत आणि म्हशींना हॉर्न आवडत नाही. म्हैस बिचकली की पान्हा चोरते आणि मग गवळ्याची आणि तुमची दोघांचीही खोटी होते. मिरजकर तिकटी आणि महाद्वार रोडच्या परिसरातही असे कट्टे आहेत. मी गंगावेस सांगतो कारण तिथं तालमीचा शेजार आहे आणि दूध पिणाऱ्यांची परंपरा नजरेला दिसते. व्यायाम उरकून अंगाला माती लागलेला पैलवान आणि शाळेच्या गणवेशातलं पोर एकाच रांगेत उभं असतं.

वेळ पहाटेची किंवा दिवस कलतानाची. धारा दोन वेळच्या असतात, त्यामुळं दुपारी एक वाजता जाऊन उपयोग नाही.

आता काय करायचं ते. जवळ जाऊन म्हशीच्या मागं उभं राहू नका, बाजूला उभं राहा. गवळ्याला 'मामा' म्हणा, 'एक ग्लास धार द्या' म्हणा. कोल्हापुरात अनोळखी माणसाला मामा म्हटलं की निम्मं काम होतं. तो "या की पाव्हणं, जरा दम धरा" म्हणेल, म्हणजे तुमच्या आधी दोघं-तिघं आहेत असं समजायचं. भाव आधी विचारला तर कुणाला राग येत नाही. ग्लास विसळलेला आहे ना ते बघा, किंवा सरळ घरून स्टीलचा ग्लास न्या. बरेच नेहमीचे लोक स्वतःची चरवी नाहीतर किटली घेऊन येतात, त्यामुळं ते विचित्र दिसत नाही. कास धुऊन पुसून घेतली का, पहिली एक-दोन बोटं धार बाहेर सोडली का, याकडं लक्ष ठेवा. काळजीचा गवळी हे न सांगता करतो, आणि जो करतो त्याच्याकडंच रोज जावं.

ग्लास हातात येतो तेव्हा वरचा तिसरा हिस्सा फेस असतो. फेस बसायची वाट बघू नका. दूध म्हशीच्या अंगाइतकं गरम असतं, त्यात साखर घालायची गरज पडत नाही, आणि ते दोन-तीन घोटांत संपवायचं असतं. पहिल्यांदा पिणाऱ्याला ते दाट वाटेल. म्हशीच्या दुधात फॅट साधारण 6 ते 8 टक्के असतं. पिशवीतल्या टोन्ड दुधाची सवय असेल तर पहिल्या दिवशी अर्धा ग्लासच घ्या आणि त्याआधी रिकाम्या पोटी चहा घेऊ नका.

हे असं भर रस्त्यात जमतं याला म्हशीची जात कारण आहे. पंढरपुरी म्हैस ही सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातली. लांब, मागं वळून खांद्याच्याही पलीकडं गेलेली शिंगं ही तिची खूण. अंगानं मध्यम, खायला बेताची, आणि जागा बदलली तरी पान्हा लवकर सोडणारी. दारोदार नेऊन धार काढायची रीत याच गुणावर उभी राहिली. कट्ट्यावर आज मुऱ्हा आणि इतर जातींच्या म्हशीही दिसतात. शिंगं बघून विचारा, गवळी आनंदानं सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला इथं असाल तर घरात बसू नका. त्या दिवशी गवळी मंडळी म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, कवड्यांच्या माळा घालून बाहेर काढतात आणि धन्याच्या मोटारसायकलमागं त्या म्हशी पळतात. ज्या जनावराचं दूध तुम्ही वर्षभर पिता त्याचा मान त्या दिवशी बघायला मिळतो.

आता तब्येतीची गोष्ट, आणि ही मी मनापासून सांगतोय. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय यांसारखे रोग माणसाला होऊ शकतात. गाव पिढ्यान्‌पिढ्या धारोष्ण पितं हे खरं, पण म्हणून धोका शून्य होत नाही. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, नुकताच आजारातून उठलेला किंवा मधुमेह-कॅन्सरची औषधं चालू असलेला माणूस, यांनी कट्ट्यावर कच्चं दूध पिऊ नये. त्यांनी किटलीत घेऊन घरी यावं, उकळी फुटू द्यावी आणि मग प्यावं. कट्ट्याची चव थोडी हुकेल, पण त्या दुधावर येणारी साय बघून वाईट वाटणार नाही.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांच्यासाठी शहरात सगळीकडं 'गोकुळ'चं दूध आहेच. जिल्ह्याचा हा सहकारी दूध संघ 1963 सालचा. गावोगावच्या दूध संस्थांवर सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका-माणसांच्या रांगा हा या जिल्ह्याचा खरा चेहरा आहे.

तिसरी पायरी: दुपारची तहान

अकरानंतर दूध विसरा. उन्हातून आल्या आल्या पहिलं साधं पाणी प्या, मग बाकीचं. उन्हाळ्यात पेठांमधून तरुण मंडळं आणि दुकानदार पाणपोया लावतात. माठावर ओला कपडा असेल, झाकण असेल आणि पाणी काढायला दांड्याचं ओगराळं असेल तर बिनधास्त प्या. माणसं स्वतःचा ग्लास माठात बुडवत असतील तर पुढं चला.

उसाचा रस हे दुपारचं मुख्य पेय. रसवंती निवडताना पाटी बघू नका, चरक बघा. ऊस सोललेला आणि धुतलेला असावा, चरकाच्या लाटांवर आदल्या दिवसाचा काळा थर नसावा, चोयट्या पडतात ती बादली झाकलेली किंवा लांब असावी. रस आधी काढून पातेल्यात भरून ठेवलेला असेल तर घेऊ नका. उसाचा रस हवेला लागला की काही मिनिटांत काळवंडायला लागतो आणि आंबण्याची सुरुवातही लगेच होते. समोर ऊस घालायला लावा. त्यात आल्याचा तुकडा आणि अर्धं लिंबू दाबून घातलं की गोडी सोसवते. बर्फ नको म्हणा. पोट बिघडतं ते बहुतेक वेळा बर्फामुळं, उसामुळं नव्हे. ऊस सावलीत ठेवलेला असेल तर बिनबर्फाचा रसही पुरेसा गार लागतो.

अंबाबाईच्या देवळाच्या आसपास, भवानी मंडप ते बिंदू चौक या पट्ट्यात लिंबू सोडा, लस्सी, ताक, कोकम सरबत असं सगळं मिळतं. दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडलात की कोकम घ्या. कोल्हापूरला कोकण जवळ आहे, गगनबावड्यापलीकडं घाट उतरलं की रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा मुलूख सुरू होतो, आणि आमसुलं-आगळ या बाजूनं इकडं येतात. चांगल्या कोकम सरबताचा रंग गडद लाल असतो आणि जिभेवर आंबटपणा आधी, गोडी नंतर येते. भडक गुलाबी दिसलं तर तो रंग आहे, कोकम नव्हे.

ताकाबद्दल एकच सांगतो. प्लॅस्टिकच्या पाकिटातलं मसाला ताक उन्हात उभं राहून प्यायला ठीक आहे, पण एकदा शेजारच्या खेड्यातून बाजाराला आलेल्या एखाद्या मावशीकडचं लोणी काढलेलं ताक प्या. त्यात मीठ आणि हिरवी मिरची ठेचून घातलेली असते, बाकी काही नाही.

या भागातल्या कोल्ड्रिंक हाऊसमध्ये 'कॉकटेल' मागवलं तर घाबरू नका, त्यात दारूचा थेंब नसतो. आइस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली आणि सुका मेवा असा उंच ग्लास येतो. जेवण झाल्यावर मागवू नका, जेवणाऐवजी मागवा.

दारूचं इथंच सांगून टाकतो. रंकाळ्याच्या काठावर, पंचगंगेच्या घाटावर, पन्हाळ्याच्या तटावर, गाडीच्या डिकीवर, कुठंही उघड्यावर बाटली काढणं गुन्हा आहे आणि लोकांनाही ते अजिबात खपत नाही. गडावर तर मुळीच नाही. ज्यांना घ्यायची त्यांनी परवाना असलेल्या ठिकाणी बसावं. महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी वय 21 आणि बाकी दारूसाठी 25 लागतं. पुढचं सगळं मी बिनदारूच्या पेयांबद्दल लिहितोय.

चौथी पायरी: गुऱ्हाळावर जाणं

शहरातली रसवंती ही तहान भागवायला. रस म्हणजे काय ते कळायला गुऱ्हाळावर जावं लागतं. हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलात, किंवा वडणगे, प्रयाग चिखली अशा पंचगंगाकाठच्या गावांकडं वळलात की शेताच्या कडेला पत्र्याची शेड, उंच धुराडं आणि भोवती वाळत घातलेली चिपाडं दिसतात. वास तर त्याच्याही आधी येतो. मोटारसायकल रस्त्यावर लावा, आत जाऊन मालकाला किंवा गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला रामराम करा आणि "रस प्यायला आलोय, मिळंल का?" असं सरळ विचारा. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. काही ठिकाणी पैसेच घेत नाहीत. घेत नसतील तर निघताना गुळाची एखादी ढेप विकत घ्या, त्यांच्या पाहुणचाराची ती योग्य भरपाई होते.

सकाळी नऊच्या आत जा. आधण चुलवाणावर चढलेलं असतं पण गडबड अजून वाढलेली नसते, माणसं बोलायच्या मनःस्थितीत असतात. काय घडतं ते एकदा क्रमानं बघा. उसाचा रस चरकातून हौदात येतो, तिथून काहिलीत जातो. खाली चुलव्या वाळलेली चिपाडं सारत असतो, म्हणजे उसाचाच रस आणि उसाचंच जळण. तापायला लागलं की चुन्याची निवळी आणि रानभेंडीच्या चिकाचं पाणी घालतात, त्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात. मग दोन-अडीच तास आटवणं. गुळव्याचं सगळं कसब शेवटच्या पाच मिनिटांत असतं. तो पाक पाण्यात टाकून बोटानं त्याची गोळी बघतो आणि काहील उतरवायची हाक देतो. एक मिनिट आधी उतरली तर गूळ बसत नाही, उशिरा उतरली तर काळा पडतो.

इथं पिण्याच्या गोष्टी दोन. पहिली, चरकाखालचा ताजा रस, त्यात काहीही न घालता. या भागात को 86032 या जातीचा ऊस मोठ्या प्रमाणावर आहे आणि फेब्रुवारीत पिकलेल्या उसाचा रस इतका गोड असतो की एक ग्लास पुरतो. दुसरी, काकवी. गूळ होण्याच्या अलीकडं, पाक अजून पातळ असताना काढून घेतात ती. ती गरम असताना जिभेवर घेऊ नका, भयंकर चटका बसतो. वाटीत घेऊन निवू द्या, मग बोटानं चाटा किंवा गार पाण्यात ढवळून प्या. काकवीचं पाणी हे उन्हाळ्यात शेतावरच्या माणसाचं पेय आहे, आणि शहरातल्या कुठल्याही सरबतापेक्षा मला ते जास्त आवडतं. बाटली भरून घरी आणता येते. मधुमेह असेल तर मात्र हे सगळं वासावरच भागवा.

दोन सावधगिरी. पोरं बरोबर असतील तर हात सोडू नका, काहील जमिनीलगत असते आणि उकळता पाक अंगावर पडला तर सुटत नाही. आणि गूळ विकत घेताना पिवळाधमक, काचेसारखा चकचकीत बघून भुलू नका. रासायनिक पावडर घालून रंग उजळवता येतो. गडद, किंचित मातकट रंगाचा गूळ घ्या, चव घेऊन घ्या, खारट लागला तर ठेवून द्या.

या धंद्याला इथं जुना आधार आहे. शाहू महाराजांनी 1895 साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, पुढं भोगावतीवर राधानगरीचं धरण झालं, पाणी बारमाही झालं आणि ऊस जिल्हाभर पसरला. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत. साखर कारखान्याला ऊस घालून मोकळं होणं शेतकऱ्याला सोपं पडतं आणि गुळवे मिळेनासे झालेत. म्हणूनच म्हणतो, पुढच्या वर्षी बघू असं म्हणू नका, याच हंगामात जाऊन या.

गुळाचा चहा घरी करायचा असेल तर चहा गाळून, गॅस बंद करून मग गूळ घाला. उकळत्या दुधात घातला की दूध फाटण्याची भीती असते.

पाचवी पायरी: संध्याकाळ, रंकाळा

पाच-सव्वापाचला रंकाळ्यावर या. शहराच्या बाजूच्या काठावर बसलात की तोंड पश्चिमेला येतं आणि सूर्य तलावापलीकडं मावळतो. उजव्या अंगाला शालिनी पॅलेस दिसतो, 1930च्या दशकात बांधलेला. चौपाटीवर भेळेच्या गाड्यांची गर्दी असते. भेळ घ्याच, पण तिच्यावर लगेच सरबत ओतू नका. आधी शहाळं, मग भेळ, मग चालत एक फेरी आणि शेवटी चहा, हा माझा क्रम आहे. शहाळं मलईचं की पाण्याचं ते आधी सांगा. विळ्याच्या पाठीनं ठोकून शहाळेवाला बरोबर निवडून देतो.

गर्दी नको असेल तर रविवार टाळा. आठवड्याच्या मधल्या दिवशी दगडी कठड्यावर हवी तेवढी जागा मिळते. पावसाळ्यात कठडा शेवाळतो, तेव्हा बसण्यापेक्षा उभं राहणं बरं. कागदी कप आणि शहाळ्याची करवंटी कुंडीतच टाका. या तलावानं जलपर्णी आणि सांडपाणी पुष्कळ सोसलं आहे आणि गावानं त्यासाठी वर्षानुवर्षं ओरड केली आहे, त्यात आपली भर नको.

अंधार पडल्यावर खासबागेकडं जा. 1912 साली बांधलेलं कुस्तीचं मैदान इथं आहे आणि त्याच्या अंगाला खाऊगल्ली. कुस्तीमुळंच या गावाला थंडाईचा नाद लागला. तालमीतली थंडाई बाजारातल्या पिवळ्या सरबतासारखी नसते. रात्रभर भिजवून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, मगज बी आणि काळी मिरी दगडी कुंडीत घोटण्यानं तासभर वाटायची, मग दुधात मिसळायची. यात भांगेचा संबंध नाही. एखाद्या तालमीत ओळख निघाली आणि वस्तादांनी बसवून ग्लास पुढं केला तर नाही म्हणू नका. चपला बाहेर काढा, आखाड्यातल्या मातीला हात लावून नमस्कार करा, मग ग्लास उचला. प्यायल्यावर जेवणाचा विचार दोन तास करू नका.

शहराबाहेर: पन्हाळा आणि जोतिबा

पन्हाळा वीस किलोमीटरवर. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा किल्ल्यांमध्ये तोही आहे, त्यामुळं गर्दी वाढते आहे. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. झुणका-भाकरीबरोबर ताक घ्या. पावसाळ्यात मात्र इथलं पेय एकच, चहा. धुकं तटावरून आत येतं, समोरचा माणूस दिसत नाही, आणि कप हातात धरूनच निम्मी थंडी जाते. गाडी चालवणाऱ्यानं घाटात धुक्याचे दिवे लावावेत आणि हळू यावं.

चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेला लाखो भाविक येतात. सासनकाठ्या नाचवत डोंगराकडं निघालेल्या लोकांना वाटेवर गावकरी आणि मंडळं पाणी, ताक, सरबत देतात. चालत निघालात तर जवळ बाटली ठेवा आणि जिथं देतात तिथं भरून घ्या. हातात वेळ असेल तर एखाद्या मंडपात उभं राहून ग्लास भरायला मदत करा, कुणीही नाही म्हणत नाही.

हंगामाची दोन आमंत्रणं

मार्गशीर्षात सौंदत्तीच्या रेणुकेची (यल्लम्माची) यात्रा करून भाविक परतले की शहरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. ज्वारीच्या पिठाची ताकात शिजवलेली आंबील, घुगऱ्या, वरण्या-वांग्याची भाजी, भाकरी, कांद्याची पात, गाजर असा नैवेद्य असतो. देवळाभोवतीच्या मोकळ्या जागेत घरोघरची माणसं डबे सोडून बसतात आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही वाढतात. आंबील दुपारच्या उन्हात गार प्यायची. थोडी आंबट, थोडी लसणाची चव असलेली. तुमचं या गावात कुणी नसलं तरी त्या दिवशी तिथं जा. एकटं बसलेलं दिसलात तर कुणीतरी वाटी पुढं करतंच.

दुसरं आमंत्रण मिळायला ओळख लागते. कोल्हापुरात रस्सा मंडळं आहेत. मित्रांचे, गल्लीतल्या लोकांचे, ऑफिसातल्यांचे गट. आठवडा-पंधरवड्यानं कुणाच्या तरी शेतावर किंवा नदीकाठच्या मळ्यात जमायचं, तीन दगडांची चूल मांडायची आणि मटण शिजवायचं. तिथं रस्सा हे पिण्याचंच पेय आहे. पांढरा आधी, कारण तो सौम्य असतो, हाडांचं पाणी, नारळाचं दूध, काजू-खसखस. मग तांबडा. भाताला हात लावण्याआधी वाटीनं ओढायचा, गरम असतानाच.

आमंत्रण आलं तर हे पाळा. वेळेवर जा, शिजवायला लागण्याआधी. मोकळ्या हातानं जाऊ नका, पण मटण न्यायचं नाही, ते मंडळाचं काम. लिंबं, कांदे, कोथिंबीर नाहीतर पाण्याचा कॅन न्या. चुलीजवळच्या माणसाला सल्ला देऊ नका, कांदा कापायला बसा. तुमच्या वाटणीचे पैसे किती ते तिथंच विचारा आणि तिथंच द्या, 'असू दे की' म्हटलं तरी द्या. वाटी घरून मोठी न्या, कारण तिथल्या वाट्या नेहमी कमी पडतात. पहिली वाटी संपली की ती हातात तशीच धरून बसा, न मागता भरली जाईल. नको असेल तेव्हा पालथी घाला.